गळ्यातील काटा आणि छायेचे गणित

दर वर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. १९२८ साली याच दिवशी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला प्रकाश-विकिरणाचा शोध जाहीर केला. या निमित्ताने विज्ञानाच्या पानांवर दुर्बिणी, अंतराळयाने, कणांचे शोधयंत्र अशा भव्य गोष्टींविषयी पुष्कळ वाचायला मिळते. मी मात्र आज एका लहानशा हाडाविषयी लिहिणार आहे. सामान्यतः त्याची लांबी अडीच सेंटिमीटर असते. माझ्या डाव्या बाजूचे हाड ४२ मिलिमीटरचे भरले, आणि त्यामुळे माझ्या आयुष्यातील चौदा महिने एका प्रश्नाभोवती फिरत राहिले.

प्रथम या हाडाची ओळख करून देते. कानाच्या खाली, कवटीच्या तळापासून एक अणकुचीदार काडी खाली आणि किंचित पुढे आलेली असते. जुन्या काळच्या टाकासारखा तिचा आकार. ग्रीक भाषेत खांबाला 'स्टायलॉस' म्हणतात, त्यावरून शरीरशास्त्रात तिला 'स्टायलॉइड' हे नाव मिळाले. तिच्या टोकापासून एक अस्थिबंध निघतो आणि जिभेच्या मुळाशी असलेल्या घोड्याच्या नालासारख्या 'हायॉइड' हाडापर्यंत जातो. जागा अगदी दाटीची. दोन्ही बाजूंना कॅरोटिड धमनीच्या शाखा, शेजारी मेंदूतून निघणाऱ्या बारा चेता-जोड्यांपैकी अनेक चेता, आणि आतल्या अंगाला टॉन्सिलची खोबण. हे हाड साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा अधिक वाढले, किंवा त्या अस्थिबंधातच चुना साचून तो कडक झाला, तर काही व्यक्तींना घसा, कान, जबडा आणि चेहरा यांत चिवट वेदना होते. तिला 'ईगल सिंड्रोम' म्हणतात. नावातील ईगल म्हणजे गरुड नव्हे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील कान-नाक-घसा तज्ज्ञ वॉट ईगल यांनी १९३७ साली अशा दोन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. तत्पूर्वी १६५२ मध्ये इटालियन शल्यचिकित्सक पिएत्रो मार्केत्ती यांनी लांबलेल्या हाडाची नोंद केली होती; पण हाड, वेदना आणि उपचार यांची सांगड घातली ती ईगल यांनी.

माझी वेदना डाव्या बाजूची. गिळताना घशात खोलवर काहीतरी टोचे. जांभई दिली किंवा मान डावीकडे वळवली की तीच टोचणी कानापर्यंत आणि खालच्या जबड्याच्या कोनापर्यंत जाई. मूळ रत्नागिरीची असल्यामुळे घशात अडकलेल्या माशाच्या काट्याची संवेदना मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ही संवेदना हुबेहूब तशी होती. फरक एवढाच की हा काटा आज, उद्या, पुढच्या महिन्यातही तिथेच होता. फोनवर आई म्हणाली, "अगं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, आणि त्या थंडगार खोलीत बसू नकोस तासन् तास." आमच्या प्रयोगशाळेचे तापमान यंत्रांच्या सोयीने ठरते, माणसांच्या नव्हे, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. मी गुळण्या केल्या.

चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाची आणखी एक गंमत आहे. तमिळमध्ये घशाला 'तोंडै' म्हणतात. 'तोंडै वली' म्हणजे घसादुखी. मराठी कानाला मात्र ते तोंडाचे दुखणे वाटते. माझ्या दुखण्याची जागा इतकी अनिश्चित होती की दोन्ही भाषांतील अर्थ मला सारखेच पटत. घसा म्हणावा तर कान दुखे, कान म्हणावा तर दाढ. ही अनिश्चितता कल्पनेची नव्हे, रचनेची असते. मेंदूतून निघणारी नववी चेता जिभेच्या मागच्या भागाची आणि घशाची संवेदना वाहून नेते, आणि तिचीच एक बारीक शाखा मध्यकर्णात जाते. एकाच तारेवर दोन घरांच्या घंटा जोडलेल्या असाव्यात तशी ही स्थिती. घंटा वाजली एवढे मेंदूला कळते; कोणत्या दारातून, हे सांगताना तो चाचपडतो. शिवाय शेजारून जाणाऱ्या इतर चेतांनाही धक्का लागला, तर वेदनेचा नकाशा आणखी पसरतो.

पहिले काही महिने निराकरणाचे होते. दंतवैद्यांनी अक्कलदाढ पाहिली. ती निर्दोष निघाली. घशात दुर्बीण घालून तपासणी झाली. तिथे सूज, गाठ, व्रण काही नव्हते. छातीतील आम्ल वर येऊन घसा जळत असावा म्हणून दोन महिने गोळ्या घेतल्या. फरक पडला नाही. जबड्याचा सांधा तपासला गेला. या प्रवासाविषयी मला तक्रार करायची नाही. घसा दुखण्याची सामान्य कारणे शेकडो पटींनी अधिक आढळतात, तेव्हा ती आधी तपासणे हेच शहाणपण आहे. विशेषतः आपल्या देशात, जिथे तंबाखूमुळे होणारे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग इतके आहेत, तिथे तीन आठवड्यांहून अधिक टिकणारी घसादुखी, मानेतील गाठ, बदललेला आवाज, गिळण्यातील अडथळा किंवा थुंकीतील रक्त यांची तपासणी सर्वांत आधी झालीच पाहिजे. दुर्मीळ रोगाच्या कुतूहलापोटी हा क्रम उलटा करणे धोक्याचे.

तरीही 'सर्व काही सामान्य' हा अहवाल हाती घेऊन घरी परतणे सोपे नसते. भौतिकशास्त्रात शून्य वाचन हेही एक वाचन असते. त्यावरून आपण एखादी शक्यता खोडतो आणि पुढे जातो. वेदनेच्या बाबतीत मात्र प्रत्येक शून्यानंतर आजूबाजूची माणसे, आणि हळूहळू आपण स्वतःही, वेदनेवरच संशय घेऊ लागतो. त्या काळात मी चर्चासत्रात बोलणे टाळू लागले होते. दुपारचा डबा सर्वांबरोबर खाण्याऐवजी एकटीने, लहान घास घेत, अर्ध्या तासाने संपवत असे. सांबारातील शेवग्याची शेंग चघळणे मी केव्हा सोडले, हे मलाही आठवत नाही.

पुढचा विचार चेताशूळाचा होता. चेहऱ्यातील पाचव्या चेतेचा शूळ बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो: दात घासताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच गालात वीज चमकून जाते. नवव्या चेतेचा शूळ त्याहून विरळा. त्यातही गिळताना घशात आणि कानात विजेसारखे झटके येतात, काही सेकंद ते दोन मिनिटे टिकतात, आणि क्वचित हृदयाचे ठोके मंदावून रुग्ण बेशुद्धही पडतो. माझी वेदना झटक्यांची नव्हती. ती सतत ठसठसणारी होती आणि हालचालीने तीव्र होत असे. एमआरआयमध्ये कोणतीही रक्तवाहिनी चेतेवर दाब देताना दिसली नाही. आणखी एक शक्यता दुबळी झाली.

त्यानंतर भेटलेल्या एका ज्येष्ठ कान-नाक-घसा शल्यचिकित्सकांनी आधीचे अहवाल बाजूला ठेवले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. "कधी दुखते, हे तुम्ही सांगितलेत, मॅडम. आता मला सांगा, कशाने दुखत नाही?" हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मान सरळ ठेवून, हनुवटी किंचित खाली घेऊन मऊ भात गिळला तर त्रास कमी होतो, हे सांगताना माझ्याच लक्षात आले की माझे दुखणे रसायनापेक्षा भूमितीशी अधिक निगडित आहे. मग त्यांनी हातमोजा चढवला आणि तर्जनीने डाव्या टॉन्सिलच्या खोबणीत दाब दिला. क्षणात तीच टोचणी, तोच कान, तोच जबड्याचा कोन. बोटाखाली त्यांना काहीतरी कडक लागत होते. सामान्य लांबीचे हाड तिथून सहसा हाताला लागत नाही. उजवीकडेही त्यांनी तसाच दाब दिला. तिथे काहीसा कडकपणा होता, पण वेदना नव्हती. शेवटी डाव्या खोबणीत भूल देणारे औषध थोडेसे टोचले. काही मिनिटांनी मी पाणी प्यायले, आणि सात महिन्यांत प्रथमच ते केवळ पाणी होते.

हा प्रयोग सुंदर असला तरी त्याची मर्यादा तेव्हाच सांगितली गेली. नवव्या चेतेच्या शूळातही त्या जागी भूल दिल्यास आराम पडतो. म्हणून एकट्या सुईवर निदान ठरत नाही. वेदनेची कहाणी, बोटाला लागणारे हाड, दाबाने हुबेहूब उठणारी कळ, भुलीने मिळणारा आराम आणि प्रतिमेत दिसणारी लांबी हे सारे एकाच दिशेने बोट दाखवू लागले, तरच निष्कर्ष पक्का होतो.

प्रतिमेसाठी सीटी स्कॅन झाला. दंतवैद्यांकडे काढतात त्या सपाट क्ष-किरण चित्रातही हे हाड दिसते, पण ती एक छाया असते. तिरक्या काठीची सावली काठीपेक्षा आखूड पडू शकते, आणि यंत्रातील अंतरांमुळे लांबही दिसू शकते. हाडाची खरी लांबी आणि कल हवा असेल, तर अनेक कोनांतून घेतलेल्या छायांवरून मूळ वस्तू पुन्हा उभी करावी लागते. सीटीचे सारे मर्म इथे आहे, आणि चेन्नईत राहणाऱ्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थोडे थांबावेसे वाटते.

समजा, प्रत्येक छाया ज्या दिशेने आली त्याच दिशेने आपण परत कागदावर फासली. अनेक दिशांच्या छाया जिथे एकमेकींवर पडतील, तिथे वस्तू गडद उमटेल. परंतु तिच्याभोवती धुके राहील, कारण प्रत्येक छायेने वाटेतील रिकाम्या जागेतही आपला रंग सोडलेला असतो. हे धुके हटवण्याची एक पद्धत फूरिए रूपांतरातून जात होती आणि त्या काळच्या संगणकांना ती जड पडे. १९७१ साली गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी एक निराळा मार्ग मांडला. छाया परत फासण्यापूर्वीच तिला एका ठरावीक गणिती गाळणीतून काढायचे, म्हणजे प्रत्येक बिंदूच्या शेजाऱ्यांमधून योग्य तेवढा भाग आधीच वजा करायचा. मग फासलेल्या छाया एकमेकींचे धुके आपोआप पुसतात. प्रतिमा-पुनर्रचनेच्या पाठ्यपुस्तकांत ही गाळणी आजही 'राम-लॅक' या नावाने शिकवली जाते. आजच्या यंत्रांत तिच्यात सुधारणा झाल्या आहेत आणि इतर पद्धतीही आल्या आहेत, पण कल्पनेचे कूळ तेच. योगायोग असा की, लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला तोही १९७१ सालीच, १ ऑक्टोबरला. हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले.

रामचंद्रन यांचे नाव मला आधीपासून वेगळ्या कारणाने जवळचे होते. पातळ थरांच्या स्फटिकरचनेचा क्ष-किरणांनी अभ्यास करणे हे माझे रोजचे काम. बेंगळुरूला रामन यांच्याकडे शिकलेले रामचंद्रन १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठात आले. १९५४ साली त्यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासह कोलॅजेन या प्रथिनाची तिहेरी मळसूत्राची रचना मांडली: तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या, तिपदरी दोरासारख्या. कोलॅजेन म्हणजे आपल्या त्वचेचे, स्नायुबंधांचे, अस्थिबंधांचे मुख्य प्रथिन. हाड म्हणजेही कोलॅजेनच्या जाळीत बसलेले खनिज. माझ्या गळ्यात कडक होत गेलेला तो बंध ज्या धाग्यांचा बनला होता, त्यांची वीण या शहरात उलगडली होती. आणि तो बंध कडक झाला आहे हे दाखवणारे गणितही त्याच माणसाच्या हातचे. गिंडीच्या विद्यापीठ परिसरावरून जाताना मला हे आता आठवतेच. वेदना त्यामुळे कमी झाली नाही, परंतु ती अनोळखी मात्र राहिली नाही.

स्कॅनमध्ये डावे हाड ४२ मिलिमीटर आणि आतल्या बाजूला झुकलेले. उजवे ३९ मिलिमीटर. या दुसऱ्या आकड्याने मला अधिक विचार करायला लावले. उजवे हाडही नेहमीच्या मर्यादेपेक्षा लांब होते, आणि तिथे मला कधीच काही झाले नव्हते. माझ्याच शरीरात निसर्गाने तुलनेसाठी दुसरा नमुना ठेवला होता. केवळ लांबी हेच वेदनेचे कारण असते, तर उजवी बाजू गप्प का होती? कल, टोकाची दिशा, शेजारच्या चेतांशी असलेले अंतर, ऊतींतील दाह या सगळ्यांचा वाटा असतो. हाड का लांबते यावरही एकमत नाही. काहींमध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा इजेनंतर लक्षणे सुरू होतात, अनेकांत असा कोणताही पूर्वेतिहास नसतो.

इथे एक साधे गणित विद्यार्थ्यांनी करून पाहावे. नेहमी उद्धृत होणारा अंदाज असा की सुमारे ४ टक्के लोकांचे हे हाड लांब असते आणि त्यांपैकी ४ ते १० टक्क्यांनाच लक्षणे जाणवतात. म्हणजे हजार माणसांत लांब हाडाची ४०, आणि त्यामुळे दुखणारी साधारण दोन ते चार. आता अन्य कोणत्याही कारणाने घसा दुखणाऱ्या हजार जणांचे स्कॅन काढले, तर त्यांतही सुमारे ४० जणांत लांब हाड योगायोगानेच सापडेल. त्या सर्वांना 'कारण सापडले' असे सांगितले, तर बहुतेकांवर निष्कारण शस्त्र चालेल. प्रतिमा हाड दाखवते. वेदना कोणाची, हे ती सांगत नाही. ते उत्तर बोटाने, प्रश्नाने आणि सुईने मिळवावे लागते. उलट केवळ बोट आणि प्रश्न असते, तर हाडाचा कल आणि धमनीपासूनचे अंतर कळले नसते. दोन्ही साक्षी लागतात, आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो.

उपचारांची पायरी खालून वर चढायची असते. मला प्रथम चेतांची वेदना शमवणारे गॅबापेंटिन दिले गेले. वेदना निम्म्यावर आली, पण दुपारी डोळ्यांवर झापड येई, आणि उच्च दाबाच्या विद्युतयंत्रापाशी काम करणाऱ्या व्यक्तीला ती परवडत नाही. नंतर खोबणीत भूल आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण दोनदा टोचले. पहिल्या वेळी पाच आठवडे, दुसऱ्या वेळी तीन आठवडे आराम मिळाला. उतरता आलेख वाचायला मला कुणाची मदत नको होती.

राहिला प्रश्न शस्त्रक्रियेचा. मार्ग दोन. तोंडातून गेल्यास टॉन्सिल काढून त्या खोबणीतून हाडाचे टोक गाठतात. बाहेर व्रण राहत नाही, मात्र जागा अरुंद असते, दृष्टी मर्यादित राहते आणि मानेच्या खोल भागात संसर्गाचा धोका असतो. मानेवर छेद घेतल्यास सारे नीट दिसते, पण व्रण राहतो आणि चेहऱ्याची हालचाल करणाऱ्या चेतेच्या शाखांना जपावे लागते. बहुतांश रुग्णांना आराम पडतो. सर्वांना पडत नाही. आवाज बदलला तर? ओठाचा कोपरा काही महिने लुळा पडला तर? आईचा प्रश्न याहून सरळ होता. "न केलं तर जिवाला धोका आहे का गं?" बहुधा नाही, असे खरे उत्तर मी दिले. काही रुग्णांत हे हाड कॅरोटिड धमनीवर दाब देते. त्यांना मान वळवताच भोवळ येते, आणि क्वचित धमनीलाच इजा होते. माझ्या स्कॅनमध्ये तसे चिन्ह नव्हते. त्यामुळे हा निर्णय जिवाचा नसून जगण्याच्या पोताचा होता, आणि असे निर्णय अधिक अवघड असतात. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी येते तिकडे. तारीख सांग."

शस्त्रक्रिया मानेवरील छेदातून झाली. १६ मिलिमीटरचा तुकडा निघाला. दोन आठवडे डावा ओठ हसताना किंचित मागे राहत असे. तो पूर्ववत झाला. गिळण्याची टोचणी तिसऱ्या महिन्यापर्यंत जवळजवळ नाहीशी झाली. कानातील ठसठस अजूनही थकव्याच्या दिवशी डोके वर काढते. चिडलेली चेता हाड निघताच शांत होत नाही, तिला तिचा वेळ लागतो. उजव्या हाडाला आम्ही हात लावला नाही. 'दोन्ही एकदम काढून टाकू या का?' असे मी विचारले होते. "जे दुखत नाही, ते दुरुस्त करायचे नसते," एवढेच उत्तर मिळाले. ३९ मिलिमीटरचे ते हाड आजही माझ्या गळ्यात निमूटपणे आहे.

हे वाचून आपल्या घशातील प्रत्येक खवखवीत ईगल सिंड्रोम शोधू नये, ही विनंती. बहुतेक घसे साध्या कारणांनी दुखतात आणि साध्या उपायांनी बरे होतात. पण एका बाजूची, महिनोन् महिने टिकणारी, गिळताना किंवा मान वळवताना वाढणारी आणि कानाकडे धावणारी वेदना असेल, गंभीर कारणे तपासून झाली असतील आणि सर्व अहवाल सामान्य असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना या हाडाविषयी अवश्य विचारावे. आणि ज्यांच्या घरात असे 'सामान्य' अहवालवाले माणूस आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: अहवालातील शून्य त्या चाचणीचे असते, माणसाच्या दुखण्याचे नव्हे.

सीटीच्या गणिताविषयी किंवा या निदानाविषयी काही विचारायचे असल्यास खाली लिहावे. सवडीने, पण नक्की उत्तर देईन.